दिवेवाल्याची नोंद

मासळी आली की सेतुबालच्या बंदरावर भोंगा वाजायचा,
रात्री दोनला, चारला, केव्हाही.
दिओलिंदाची आई झोपेतच केस बांधत पळायची कारखान्याकडे
आणि पोरगी खिडकीतून बघायची
उतारावरून धावणाऱ्या पोटऱ्या.
"नाच मी तिथं शिकले," ती म्हणायची,
"लिस्बनला तीन वर्षं नुसते पाय ताणले."

मी तिचा दिवेवाला. एक्केचाळीस वर्षं.
नाचातलं मला ओ की ठो कळत नाही,
अंधार कुठं ठेवायचा तेवढं कळतं.

पहिला प्रयोग : कारखान्यातल्याच अकरा बायका,
सत्तर किलो सार्डिन, आणि जुलै महिना.
बायका मुंडकी उडवत राहिल्या,
चाळीस मिनिटं, एका लयीत.
मग भोंगा वाजला
आणि कुणीच हललं नाही.
बस्स. एवढंच.
सेन्सॉरचा माणूस वहीत उघडे गुडघे मोजत होता,
माशांबद्दल त्याच्या नियमांत काही नव्हतं.
एकशे बारा लोक उठून गेले.
दिओलिंदाने रिकाम्या खुर्च्या मोजल्या,
दुकानदार गल्ला मोजतो तशा.

राजवट पडली. लोक म्हणाले,
आता काहीतरी आनंदाचं बसव.
तिने अंगोलाहून परतलेले नऊ सैनिक आणले
आणि एकमेकांच्या कमरेत हात घालून
त्यांना वॉल्ट्झ करायला लावलं, बूट घालून, हळू.
डावे म्हणाले वेळ चुकली,
उजवे म्हणाले बाई चुकली.
दगड आले. माझे दोन दिवे फुटले.

झुल्मिराचा गुडघा तिच्यापायी गेला, हेही लिहितो.
एका पडण्यासाठी बावन्न वेळा पाडलं तिला.
माफी नाही मागितली कधी.
दर नाताळला खारवलेला मासा पाठवायची,
तो दर नाताळला परत यायचा.

मग बक्षिसं. मग तिच्यावर प्रबंध.
मग कारखान्याचं हॉटेल झालं
आणि उद्घाटनाला तोच पहिला प्रयोग, नव्याने :
शिकलेल्या नर्तकी, रबराचे मासे,
वास येऊ नये म्हणून.
सगळं थिएटर उभं राहिलं. मंत्र्याने डोळे पुसले.
विंगेत तिने विचारलं, "किती गेले?"
"कुणीच नाही."
ती केबलच्या पेटीवर बसली.
"मग चुकलं कुठं, एव्हारिस्तो?"

त्याच रात्री दोन वाजता
आम्ही दोघांनी गच्चीवरचा जुना भोंगा उघडला.
एकाहत्तर वर्षांची बाई, कृत्रिम खुब्याची,
लोखंडी दांड्याला लटकली.
खोल्यांमधले दिवे लागत गेले,
एक, मग चार, मग अख्खी भिंत,
आणि त्यांतला एकही मी लावला नव्हता.
खिडक्यांतून शिव्या, फ्रेंचमध्ये, जर्मनमध्ये.
ती मोजत होती.

दंडाची पावती माझ्याकडे आहे. कारण : गोंगाट.
पण मी नोंदवतोय ते वेगळंच.
वर टेकडीच्या गल्लीत एक दार उघडलं.
पहिल्या अकरांमधली एक, नव्वदीची,
गाऊनमध्ये, अनवाणी,
उंबऱ्यावर उभी राहून
केस बांधत होती.