समुद्र, पाव टक्का

गुजरीतल्या सोनाराकडून जुना घेतलेला काटा
आमच्याकडं समुद्र तोलतो.

लक्ष्मीपुरीत, मिरचीच्या पोत्यांना लागून,
दस्तगीरचाचांची दोन खणांची जागा.
पुढच्या खणात हीना, खस, मजमुआ
आणि चाचांचा आवाज.
मागच्या खणात मी, पंखा बंद करून,
कारण पंख्यानं उडतो तो.

तो म्हणजे पांढरी भुकटी.
बरणीवर चाचांच्या अक्षरात 'दर्या'.
खरं नाव आकड्यानं सुरू होतं,
ते बिलावरच राहतं.
कुणी म्हणे भलतंच शोधत होतं,
जीव शांत करायचं औषध.
औषध राहिलं बाजूला, वास हाती लागला.
चाचा हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात
आणि दर वेळी देश बदलतात.

शंभराला पाव. त्याच्या वर नाही.
जास्त पडला की किनारा जातो,
उरतं चिरून, झाकून, विसरलेलं कलिंगड.

हे मला कुणी शिकवलं नाही.
बाप शिरोळजवळ नदीच्या वाळूत वेल लावायचा.
पाणी उतरलं की खड्डे, खड्ड्यात शेणखत,
आणि चैत्रात, पहाटे,
फळाला नख लावलं की यायचा तो वास:
हिरवा, पाणचट, कडेला जरा लोखंडी.
तोच. अगदी तोच.
आता तिथं वाळू नाही. ट्रकांनी गेली.
शाहूपुरीतल्या कुठल्याशा स्लॅबमध्ये
आमचं कलिंगडाचं रान आहे.

समुद्र मी पाहिलेला नाही.
शाळेची सहल गगनबावड्यापर्यंत गेली होती.
सरांनी बोट दाखवलं, तिकडं.
तिकडं धुकं होतं.

पगाराच्या शनिवारी शिरोलीच्या फौंड्रीतली पोरं येतात.
'ते निळं द्या ओ.'
साच्याच्या वाळूनं काळे झालेले हात पुसत
मानेला लावतात, एकमेकांची मान हुंगतात,
हसतात.
त्यातल्या किती जणांनी पाहिलाय, मी विचारत नाही.

परवा एक बाई आल्या, देवगडच्या,
रोहिणी तांडेल. लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या.
पट्टी नाकाशी नेली, लांब धरली, पुन्हा नेली.
'ह्यो दर्याचो वास नाय गो.
दर्याक जाळ्याचो वास येता, डिझेलचो येता.
ह्यो कोणीतरी धुवून ठेवलेलो.'
आणि पिशवीतनं वर्तमानपत्राची पुडी काढून
सोडली माझ्यापुढं. सोडे.
'हुंग.'

चाचा पुढून धावत आले, 'या अल्ला, दुकान!'
उदबत्ती, दार, टॉवेल, सगळं एकदम.
मी हुंगलं. मनापासून हुंगलं.
मला दिसली फक्त
बाजारातली सुक्या मासळीची ओळ,
गोणपाटावर बसलेल्या बायका, वजनाचे दगड.
तेवढंच.
बाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या,
मी मान हलवली, हो म्हणून.

त्यांनी पुडी बांधली.
जाताना तीन मिली दर्या घेतला, घासाघीस करून.
'जावयाक आवडता,' म्हणाल्या,
'तेका काय कळता.'

संध्याकाळी नवीन बरणी भरली.
लेबल हल्ली मीच लिहिते. दर्याच लिहिलं.
खाली, चाचांना चष्म्याशिवाय दिसणार नाही इतकं बारीक,
शिरोळ.

रात्री तीनदा हात धुतले.
सोडे गेले पहिल्याच साबणात,
भुकटी गेली नाही.
बापाला फोन लावला.
विचारायचं होतं, फळाचा तो वास
सालीचा होता की पाण्याचा.
'जेवलास का?' म्हटलं.
'जेवलो,' म्हणाला, 'तू?'
बोटं नाकाशी होती माझी.
'आता बसते,' म्हटलं.