कोरडं वजन

नळ एक दिवसाआड येतो सुदामानगरात,
मी एक दिवसाआड जातो गीताभवनामागे,
तिसरा मजला, खाट चार.
आधी वजनकाटा.
हेमलता सोलंकी चष्म्यावरून बघते:
'कुटुंबळे काका, दो किलो सात सौ. पानी पिया?'
प्यालो. रविवारी.
भाच्याकडच्या मुंजीत पन्हं होतं.
खोटं कशाला बोलू, काटा बोलतोच.

माझं कोरडं वजन अठ्ठावन्न.
त्याच्यावर जे काही, ते मी नाही,
साचलेलं पाणी.

एकतीस वर्षं जलूदला पंपावर होतो.
नर्मदा उचलायची, विंध्य चढवायची,
वांचू पॉइंटला सोडून द्यायची;
पुढे ती आपली आपण उतरते इंदूरला.
बेअरिंग कुरकुरतंय का ते कळायला
पेचकसाचं टोक पंपाला, मूठ कानाला.
सर्जनने डाव्या मनगटात धमनी शिरेला जोडली
आणि म्हणाला, रोज बघत जा, गुणगुणतंय ना.
मला हसू आलं.
आता रात्री हात उशाशी घेतो, कान मनगटावर:
जलूदची रात्रपाळी.
कुमुद झोपेतच विचारते, 'चालू आहे?'
'चालू आहे.'

पुतण्या पुण्याहून फोनवर: काका, डायलिसिस म्हणजे नक्की काय?
डॉक्टर चहाच्या गाळणीचं उदाहरण देतात.
गाळणी नव्हे रे.
केसासारख्या बारीक दहा हजार नळ्या,
आतून रक्त खाली येतं, बाहेरून पाणी वर जातं,
गाठभेट नाही, नुसता शेजार.
आणि दाटीतून मोकळ्याकडे
युरिया आपला निघून जातो,
कोणी ढकलत नाही.
अंगातलं पाणी मात्र ओढून काढावं लागतं.
पाणी कुठेच सहज जात नाही, हे मला कोणी शिकवू नये.

मराठीत अपोहन म्हणतात.
कोशात पाहिलं: दूर सारणे.
बरे होणे, असा अर्थ कुठेच दिला नव्हता.

चार तासांना एकशेवीस लिटर पाणी लागतं.
पहिल्या दिवशी आकडा ऐकून मी उठूनच बसलो,
हातात सुया, हेमलता ओरडली.
एकशेवीस! एका माणसाला!
आणि प्यायला दिवसाचं अर्धा लिटर,
त्यातच चहा, वरणाचं पाणी,
गोळी गिळायचा घोट.

तिसऱ्या तासाला, पायात गोळे यायच्या आधी,
पाच नंबरचे गेंदालालजी, सराफ्यात ज्यांचं दुकान होतं,
डोळे मिटून सगळ्यांना पोहे वाढतात:
'ऊपर से सेव. ऊपर से जीरावण. और थोड़ा.'
देवासची मुलगी सहा नंबरवरून म्हणते,
'अंकल, नमक!'
'अरे बेटा, खयाल में काहे का नमक.'
मग कोणी बोलत नाही.
यंत्र बोलतं, मिनिटाला तीनशे, तीनशे.

सुटताना मागची पांढरी नळी बघून घेतो.
माझं मीठ, माझं रविवारचं पन्हं
मोरीतून नाल्यात, नाल्यातून कान्हेत,
क्षिप्रा, चंबळ, यमुना,
थेट पूर्वेच्या समुद्राला.
नर्मदा तर पश्चिमेची.
डोंगर चढवून आम्हीच तिची दिशा मोडली,
तिने कधी विचारलं नाही.

घरी कुमुद वाटीत बर्फाचा एक खडा ठेवते.
घोटापेक्षा खडा जास्त पुरतो, तिने शोधून काढलंय.
तो गालात फिरवत खिडकीशी बसतो.

उद्या नळ. पहाटे पाचला.
हंडे तीच भरेल, या हाताने जड उचलायचं नाही.
मी नुसता अंथरुणातून धार ऐकेन
आणि सांगेन
जलूदला आज कितवा पंप बंद आहे.