शून्य अभिप्राय

माझ्या नावापुढे लिहिलं होतं, नवीन सदस्य.
त्याखाली, शून्य अभिप्राय.
वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी
हे वाचताना जरा गंमत वाटली.
एकवीस वर्षं अकोल्याच्या सहकारी बँकेत
मी लोकांचे जामीनदार तपासले,
सही जुळते का, पत्ता खरा का,
आणि आता मला जामीन राहायला
साधा अर्धा तारा नव्हता.

होटगी रोडवरच्या घराने नाही म्हटलं.
जुळे सोलापूरच्या घराने
तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

तिसऱ्यांना लांबलचक पत्र लिहिलं.
निर्व्यसनी, शाकाहारी, सुशिक्षित.
वाचून पाहिलं, तर
स्थळ सांगून आल्यासारखं वाटलं.
खोडलं.
मग लिहिलं:
ऑडिटला येतेय, तीन रात्री.
मला पहाटे आपोआप जाग येते
आणि आवाज न करता दार लावता येतं.

रात्री सव्वाअकराला उत्तर आलं. या.

अशोक चौकामागच्या गल्लीत
घर आधी कानांनाच सापडलं,
खालच्या खोलीत दोन माग, खटाखट खटाखट,
टॉवेलचा लाल काठ पुढे सरकत होता.
बालय्या गड्डम दारातच उभे.
आधार कार्ड बघितलं, मला बघितलं, पुन्हा कार्ड.
"यात जाड दिसताव की तुम्ही."
"होते," म्हटलं.
ते हसले नाहीत. मीही नाही.

मग आतल्या खोलीत दोघांचं तेलुगू.
त्यातले तीनच शब्द मला कळले:
अकोला, बँक, आधार.
नंतर कपाटाला कुलूप लागल्याचा आवाज.
कुलपाचा मला राग आला नाही.
त्यांच्या जागी मी असते
तर दोन लावली असती.

निजताना सुलोचनाक्का
भिंतीला सांगितल्यासारखं बोलल्या,
"आज चवथा दिवस. पाणी रात्री कवाबी येतंय."

पावणेतीनला नळ खोकला.
माग बंद, गल्ली बंद,
आतून फक्त गड्डमांचं घोरणं.
मी पडून विचार करत राहिले,
परक्याच्या घागरीला न विचारता हात लावला
तर त्याला काय म्हणतात?
नळाची धार तोवर मोरीत वाया चाललेली.
उठले.
टाकीत पाइप सोडला. कळशी, दोन हंडे, पिंप,
प्यायचं भांडं कुठलं ते वास घेऊन ओळखलं,
मग तपेली, मग पातेली,
शेवटी हाताला लागली ती चिनी मातीची बरणीसुद्धा.

मागे वळले तर दारात अक्का.
कधीपासून उभ्या होत्या, कोण जाणे.
"ती लोणच्याची होती," त्या म्हणाल्या.
"वाळवून ठेवलेली."
मी बरणी धरून तशीच उभी.
सांडू की ठेवू, कळेना.
अक्कांनी पदर खोचला
आणि पाइपचं दुसरं टोक उचललं.
साडेतीनपर्यंत आम्ही दोघी
एक शब्द बोललो नाही.

सकाळी ताटात कडक भाकरी, शेंगाची चटणी,
वर तेलाची धार, मी नको म्हणेपर्यंत
आणि त्यानंतरही थोडी.
चावी कपाटालाच लटकत होती.
विसरल्या असतील.
मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी दोघं लेकीकडे अक्कलकोटला गेले.
"जाताना कुलूप समोरच्या किराणावाल्याकडं द्या.
आन् मागाचं बटण बगा, मी विसरतोय."
मी दोनदा बघितलं.
खोटं कशाला, चारदा.

आठवड्याने माझ्या नावाखाली एक अभिप्राय आला,
भाच्याकडून टाइप करून घेतलेला असावा:
बाई चांगली आहे. पाणी भरते.
जेवण कमी. बरणी सोडून सर्व ठीक.

पुढच्या महिन्यात लातूर आहे.
तिथल्या बाईंनी विचारलंय,
हे गड्डम तुमचे कोण? नातेवाईक का?
बराच वेळ बोट अधांतरी ठेवून बसले.
मग लिहिलं, नाही.
त्यांनी मला रात्री पावणेतीनला पाहिलंय.