डावी बाजू

अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा तपासत.
एकतीस वर्षं.
ताव समोर आला की डोळे चिमणीसारखे टिपत सुटायचे:
इथं शाई फुटलीय,
इथं आकडा केसभर सरकलाय.
लहानपणी मी विचारलं होतं, एवढ्या भराभर दिसतं कसं?
म्हणाले, डोळा मागून जातो रे.
आधी लक्ष जाऊन बसतं तिथं, जागा धरून.
मग डोळा उडी मारतो.
आणि उडीपुरता माणूस आंधळा असतो.
कळत नाही, इतकंच.

डोळे आजही शाबूत आहेत.
डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिली, दोन्ही बाहुल्या चोख.
मेंदूच्या उजव्या अंगाला एक गुठळी येऊन गेली
आणि जगाच्या डाव्या अंगाला
पाठवायला कुणी उरलं नाही.

मीठ, लिंबू, चटणी, ताटाची अख्खी डावी बाजू
तशीच परत जाते.
दाढी अर्धी.
पेपरातल्या अपघाताचा नुसता घात वाचतात,
अवकाळीतलं काळी.
डावलणं हा शब्द मी आजवर
भाऊबंदकीसाठीच वापरत होतो.

ऋजुता ढिकले मंगळवारी आणि शुक्रवारी येते.
एकदा तिनं डोळे मिटायला लावले.
काका, होळकर पुलावर उभे आहात,
तोंड गाडगे महाराज पुलाकडे. सांगा, काय दिसतंय?
सुंदरनारायण, म्हणाले. पटांगण.
भांडीबाजाराकडे चढणारी गल्ली,
तिथला तो कल्हईवाला, मेला असेल आता.
रामकुंड नाही.
स्वतःच्या आईच्या अस्थी ज्यानं तिथं सोडल्या
त्याला रामकुंड नाही.

बरं, आता पलीकडच्या पुलावर जा. वळा. तोंड इकडे.
पापण्यांखाली काहीतरी हललं
आणि नारोशंकराची घंटा आली, रामकुंड आलं,
कपालेश्वराच्या पायऱ्या, दगडावर वाळणारे पंचे,
आणि भांडीबाजार कल्हईवाल्यासकट बुडाला.

म्हणजे नदी आत पुरती आहे,
दोन्ही काठांची.
एका काठाला नाव लागत नाही.

पेपराच्या डाव्या कडेला ऋजुतानं लाल पट्टी चिकटवलीय.
ती दिसल्याशिवाय ओळ सुरू करायची नाही.
अण्णा नजर ओढतात,
फुगलेला लाकडी खण ओढावा तशी,
थोडी येते, अडते.
कधी पट्टी सापडते. कधी उजव्या कडेलाच चाचपतात
आणि चिडतात, कुणीतरी नेली म्हणून.

आई पहिल्या दिवसापासून डावीकडे बसते.
मी म्हटलं, इकडे ये ना, निदान दिसशील तरी.
दिसायला कुठं बसलेय, म्हणाली.
आणि कोथिंबीर निवडत राहिली.

काल रात्री जेवताना
अण्णा उजवीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात गुंतलेले,
आई हललीसुद्धा नाही, बांगडी वाजली नाही,
आणि कॅलेंडराकडेच बघत ते म्हणाले,
इंदू, चटणी कुठाय?

डोळे अजून निघायचे होते.