क्रमांक अकरा

लाखनीच्या वाचनालयानं यंदा प्रेमकादंबरीची स्पर्धा ठेवली
आणि परीक्षक म्हणून मला बोलावलं,
म्हणजे जिचं लग्न मामांनी तुमसर रोडच्या फलाटावर
गाडीला उशीर होता तेवढ्यात ठरवलं, तिला.

तेवीस हस्तलिखितं. युरियाच्या धुतलेल्या पोत्यात भरून
शिपाई रामटेके सायकलवर घेऊन आला.
"लय जड हाय जी मॅडम, हे परेम," म्हणाला
आणि ताक पिऊन गेला.

नावं झाकलेली, नुसते क्रमांक.
सोबत गुणांचा तक्ता : कथानक, भाषा, व्यक्तिचित्रण,
शेवट, शुद्धलेखनाला दहा.
प्रेमाला रकाना नव्हता.

मोहफुलं वेचायचे दिवस. गल्ली दुपारपर्यंत रिकामी.
खाटेवर पाय वर घेऊन मी वाचत गेले.
क्रमांक तीनचा नायक स्वित्झर्लंडला भेटतो.
लिहिणाऱ्यानं बर्फ पाहिलाय तो गोळेवाल्याच्या गाडीवर,
हे मला कळलं, कारण त्याच्या आल्प्सवर
लाकडाचा भुसा आहे.
सातमध्ये दोघं एकमेकांवर आदळतात, पुस्तकं पडतात.
नऊमध्येही पडतात. चौदामध्ये फायली.
सोळाच्या नायिकेचे डोळे पान पाचवर निळे,
पान नव्वदवर काळेभोर;
मधल्या काळात बहुधा लेखकाचं लग्न झालं.
मी लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ सुधारत राहिले.
चौतीस वर्षांची सवय, कुणी सांगितलं नव्हतं.

क्रमांक अकरा धान-काट्याच्या जुन्या वहीत लिहिलेला.
डाव्या पानावर क्विंटल-किलो, उजव्यावर कादंबरी.
तो राईस मिलमध्ये हमाल, ती त्याची लग्नाची बायको.
कोणी कुणाला काही म्हणत नाही.
तो कोंड्यानं माखून येतो, अंग धुतो, जेवतो,
आणि ती झोपली की
कूलरमध्ये तीन बादल्या पाणी टाकतो.
तिसरी बादली काठाला टेकवून, धार पातळ करून,
आवाज होऊ नये म्हणून.
ती जागीच असते. ओल्या वाळ्याचा वास येईपर्यंत
डोळे मिटून पडते.
एवढंच. एकशे बारा पानं.

समासात मी पेन्सिलीनं लिहिलं : असा माणूस नसतो.
मग खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं.
कागद इतका पातळ झाला
की मागच्या पानावरचे सव्वीस क्विंटल दिसायला लागले.

बैठकीत टेंभुर्णे सर म्हणाले, यात प्रेमच कुठाय?
हे तर कूलरचं माहितीपत्रक.
त्यांनी तीस दिले होते. मी ब्याण्णव.
"काऊन पण, मॅडम?"
जन्मभर पोरांना 'सकारण स्पष्ट करा' म्हणत आले,
आणि तिथं मला एवढंच म्हणता आलं
की वाळ्याचा वास बरोबर आलाय.
अध्यक्षांना भूक लागली होती, तर्री-पोहे निवत होते.
सरासरी काढली. एकसष्ट. उत्तेजनार्थ.
पहिलं बक्षीस बर्फाला.

घरी आले. आमचा कूलर मीच भरते,
घेतला तेव्हापासून, एकोणीस उन्हाळे.
"पाणी टाकलं का?" ह्यांनी कुशीवरूनच विचारलं.
टाकलं, म्हटलं.
टाकलं नव्हतं.

पडून राहिले. पंखा कोरडाच फिरत होता,
गवताच्या जाळीतून धूळ येत होती,
तलावाकडं टिटवी कशाला तरी भांडत होती.
हे एकदा उठले, पाणी प्यायले, पुन्हा निजले, असं वाटलं.

तीनच्या सुमारास बादलीचा आवाज आला.
शेजारच्या कापगत्यांकडचा असेल,
त्यांच्याकडं नळ रात्रीच येतो.
मी डोळे उघडले नाहीत.