रबाळ्यातला काळोख

रबाळ्यात काळोख नसतोच.
ठाणे-बेलापूर रोडचे दिवे, डेटा सेंटरची पांढरी भिंत,
पारसिकच्या डोंगराआडून मुंब्र्याचा उजेड.
घणसोलीच्या आमच्या गच्चीवरून
मोजून सात तारे,
त्यातलं एक विमान.

आणि मला काम मिळालं काळोख करायचं.

दुर्बिणीच्या नळीत बसणाऱ्या चौदा कड्या,
एकामागे एक, मधोमध भोक,
ॲल्युमिनियमच्या, ताटाएवढ्या.
आधी आम्लात, मग काळ्या रंगाच्या हौदात,
मग उकळत्या पाण्यात, म्हणजे रंग आत कोंडला जातो.
कुरियनसाहेब म्हणाले, हेमांगी, वर सूर्य आडवा येतो,
पृथ्वी आडवी येते, चंद्र तर येतोच येतो.
हा सगळा आगंतुक उजेड ह्या कड्यांनी गिळायचा.
धार अशी हवी
की उजेडाला टेकायला जागा मिळू नये.

सहा महिने केसांना तेल नाही, हातांना क्रीम नाही.
बोटाचा चिकटपणा वर गेला तर निर्वातात सुटतो म्हणे,
आणि सगळ्यात थंड जागा हेरून बसतो:
आरसा.
नवरा म्हणाला, देवाचंसुद्धा एवढं सोवळं
तू कधी पाळलं नाहीस.

नववी कडी नापास झाली.
टॉर्च तिरका धरला की धारेवर एका जागी
टाचणीच्या टोकाएवढं काही चमकायचं.
खरं सांगते, मला ते आवडलं होतं.
साहेबांनी लाल चिठ्ठी लावली.
दहा दिवस पुन्हा पहिल्यापासून.

दोन वर्षांनी तपासणीतल्या निलोफरने फोटो पाठवला.
ओल्या फडक्याने पुसूनही उरलेल्या खडूसारखं काहीतरी.
दीर्घिका आहे, म्हणाली. आजवर कुणाला दिसली नव्हती.
इतकी फिकी, की चंद्राचा एक चुकार कवडसा
नळीत शिरता, तर बुडालीच असती.

शेडमध्ये सगळे त्या डागाकडे बघत होते.
मी डागाच्या बाजूला बघत होते.
दोन बोटांनी मोठं केलं, आणखी मोठं केलं.
काही नव्हतं.
पार कडेपर्यंत काहीच नव्हतं.
म्हटलं, ह्यातलं थोडं माझं.

नापास कडी मी मागून घेतली होती.
तिची अडणी झालीय.
आत्ता तिच्यावर बोंबलाच्या कालवणाचं पातेलं आहे,
आणि ते उचललं की ट्यूबलाइटखाली
ती एक जागा
अजून चमकते.