इतिवृत्तात नसलेलं

सदरमधल्या शाळेच्या त्या खोलीत
अकरा वर्षं मी इतिवृत्त लिहिलं.
ख्रिस्ती ऐक्य समिती, दर महिन्याचा दुसरा शनिवार,
हजर सात, गैरहजर पाच,
चहा, समोसे,
मागील सभेचा वृत्तांत कायम.
त्यापुढे कधी काहीच कायम झालं नाही.

बाप्तिस्मा बुडवून की शिंपडून,
प्याल्यात द्राक्षरस की द्राक्षारस,
पुनरुत्थानाच्या पहाटे एकत्र उपासना ठेवलीच
तर पेटी वाजवायची की ड्रम.
फादर लिगोरी पंख्याकडे बघत हसायचे.
पास्टर सायलस रामटेके उभे राहूनच बोलायचे,
समोर हजार माणसं असल्यासारखे.
आणि भिंगारदिवे.
शमशोन भिंगारदिवे, वेकोलिचे निवृत्त हिशेबनीस,
माझ्याच मंडळीतले, माझ्याच बाकावरचे,
माझ्या प्रत्येक वाक्याला हात वर.
"काहून बाई, हे शास्त्रात कुठं लिहिलं आहे?"
मी लिहायची: सदस्यांनी मतं मांडली.

मे महिन्यात ते गेले. सेहेचाळीस अंश.
जरीपटक्याला माती अशी कडक
की कुदळ वाजत होती.
आठवड्यानं त्यांची सून आली,
तोंडावरचा दुपट्टा न सोडताच दारात उभी,
"बाबांच्या डायऱ्या. समितीच्या असतील,
तुमची सगळ्यांची नावं आहेत."

वेकोलिच्या डायऱ्या, हिशेबनिसाचं अक्षर.
डावीकडे तारीख आणि वेळ:
चार दहा, चार पंधरा, एकदा तीन पन्नास.
उजवीकडे नाव, आणि नावापुढे
जमेच्या रकान्यात एखाददुसरा शब्द.
फादर — उजवा गुडघा.
रामटेके — मुलाची बारावी, गणित.
अच्चम्मा — कोट्टायमहून फोन नाही.
उझगरे बाई — दाढ.

तारीख पाहिली.
त्याच शनिवारी त्यांनी मला
वाक्य पुरं करू दिलं नव्हतं.
दाढेचं मी कुणाला बोलले नव्हते,
समोसा फक्त डाव्या बाजूनं चावत होते.
घरी येऊन लवंग दाबली,
त्यांच्यावर चरफडत आडवी झाले
आणि लागली की झोप, सकाळपर्यंत.

दर शनिवारच्या पानावर, अगदी खाली,
एकच नोंद, शाई तेवढी वेगळी:
भिंगारदिवे — जीभ.

म्हणजे हा माणूस पहाटे
कुलरच्या आवाजात, खोलीला कडी घालून
एकटा देवाशी बसायचा
आणि मला वाटायचं तिथे दोघंच असतील.
तिथे तर आम्ही सगळे होतो.
जपमाळवाले, अन्य भाषावाले, पेटीवाले,
कुणालाच बोलावणं गेलं नव्हतं
आणि कुणीच गैरहजर नव्हतं.

जूनच्या सभेत मी पानं वाचून दाखवली.
फादरांनी गुडघ्यावर हात ठेवला.
मग पाकिटातून एक जुनं कार्ड काढलं,
मागच्या बाजूला बारीक अक्षरात यादी;
भिंगारदिवेंचं नाव तिसरं.
सायलस पहिल्यांदाच बसून बोलले,
"मी पहाटे मोठ्यानं प्रार्थना करतो,
शेजारी दोनदा तक्रार करून आले.
त्या ओरडण्यात तुम्हीच असता ना सगळे."
अच्चम्मा डोळे पुसत समोसे वाटत राहिल्या.

माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.
अकरा वर्षांची इतिवृत्तं तेवढी होती,
ज्यांत मी सगळ्यांची नावं लिहिली
आणि एकासाठीही काही मागितलं नाही.

मग पेटी की ड्रम, ते सुरू झालंच.
सायलस पुन्हा उभे राहिले, फादर पंख्याकडे.
ठराव झाला नाही. पुढील सभेत विचार व्हावा.
पण बोलताना सायलसचा आवाज फाटत होता,
दोनदा थांबून त्यांनी पाणी प्यायलं.

सही करून मी वही मिटली.
विसरायला नको म्हणून
जिन्यातच थांबून तळहातावर पेनानं लिहिलं:
रामटेके — घसा.